शालन वहिनींनी बसवलेले रॉकर

मंडळी,

दाटीवाटीने बसलात, उकडतंय, पंखे दोनच चालू आहेत, तरी कोणी उठून गेलेलं नाही. मांडवीतला हा हॉल मी लग्नकार्यात भरलेला पाहिलाय. पण भर दुपारी, हातातलं काम टाकून आलेली इतकी माणसं इथे पाहिली नव्हती. दाभोळहून वहिनींच्या माहेरची मंडळी आली आहेत. मंडणगडचे दोघे जीपवाले सकाळी उजाडताच निघालेत. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला आज बोलणं जड जातंय. एरवी बोलणं हाच माझा धंदा आहे. मोटर ट्रेनिंग स्कूल चालवतो मी. दिवसभर बडबडतो, क्लच दाबा, आरसा बघा. पण वहिनींना जाऊन आज दहा दिवस झाले आणि दहा दिवस माझा घसा धरलेला आहे. रडून धरलाय म्हणाल तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं राग आहे.

होय, मी चिडलोय. शोकसभेत चिडू नये, मला कळतं. माफ करा. चिडलोय.

माझ्याआधी पाच जण बोलले. एक म्हणाले, वहिनी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. दुसरे म्हणाले, भाईंच्या गॅरेजात गेलं की वहिनींच्या हातचा चहा ठरलेला. तिसऱ्यांनी सांगितलं की भाईंच्या यशामागे त्या सावलीसारख्या उभ्या होत्या. मग त्यांचे उपास झाले, त्यांची सोलकढी झाली, त्यांचा हसरा चेहरा झाला. पाच जण बोलले, मंडळी. आणि पाचांतल्या एकाच्याही तोंडात इंजिन हा शब्द आला नाही. एकाच्याही!

मागे उभ्या होत्या? कोणाच्या मागे? मी पंधरा वर्षं त्या गॅरेजात जातोय. वहिनी उघड्या बॉनेटच्या पुढे उभ्या असायच्या. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या काढून खिडकीत ठेवलेल्या, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. चहा भाई करायचे. हसू नका, खरं सांगतोय. चहा भाई करायचे आणि बरा करायचे.

जे वहिनींना जवळून ओळखत नव्हते त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. शालन वहिनी दाभोळच्या. त्यांचे वडील, आप्पा, मच्छीमारी लाँचवर इंजिन सांभाळायचे. आप्पांना मुलगा नव्हता, मदतीला मुलगीच. लाँच खाडीत लागली की ही पोर आत उतरायची आणि आप्पा मागतील तो पाना हातात द्यायची. पुढे पुढे आप्पा मागायच्या आधीच द्यायला लागली. चौदाव्या वर्षी तिने डिझेल इंजिनाचे टॅपेट एकटीने लावले. हे मला आप्पांनीच सांगितलं होतं, वहिनींनी नाही. आप्पा म्हणाले होते, "माझ्यापेक्षा तिचा हात हलका. माझ्यापेक्षा तिचा कान बरा."

मग लग्न होऊन त्या इथे आल्या. भास्करभाईंचं मिरजोळ्याला गॅरेज. भाई समोर बसलेत. भाईंचा हात कामात चांगला, हे मी कोणाला सांगायला नको. पण भाईंचा डावा कान जनरेटरच्या आवाजाने तरुणपणीच गेला होता. एकदा दुपारी वहिनी डबा घेऊन गॅरेजात आल्या, डबा खाली ठेवला आणि चालू असलेल्या एका जीपकडे बघून म्हणाल्या, "अहो, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल आहे." भाईंनी झाकण उघडून पाहिलं. तिसऱ्याचाच होता.

त्या दिवसापासून टॅपेट वहिनींचे. पस्तीस वर्षं.

आता टॅपेट म्हणजे काय, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं. ते काढलं की आत ओळीने लोखंडी बोटं दिसतात. त्यांना रॉकर म्हणतात. एका बाजूने कॅम, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, त्यांना ढकलतो, दुसऱ्या बाजूने ती व्हॉल्व्ह दाबतात. गाडी जोरात पळते तेव्हा दर मिनिटाला हजारो वेळा. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवायची असते. ही फट लावणं म्हणजे टॅपेट लावणं. फट जास्त राहिली तर टिकटिक आवाज येतो आणि ताकद कमी होते. फट कमी झाली तर आवाज येत नाही, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळून जातो. एवढंच. सांगायला एवढंच. करायला बोटात जीव लागतो.

वहिनी फटीत फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांतलं, पातळ पान घालायच्या आणि डोळे मिटून ओढायच्या. मी एकदा विचारलं, "वहिनी, बरोबर लागलं हे कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "कापा फणस चिरताना सुरी कशी जराशी धरते? तसं धरायला हवं. अडकलं तर घट्ट. धरलंच नाही तर सैल." मग पान माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ओढून बघ." मी ओढलं. मला काहीच कळलं नाही. त्या हसल्या. "कळेल रे. पन्नास इंजिनं लाव, कळेल."

आणि या बाईच्या शोकसभेत आपण सोलकढीवर बोलतोय.

मी आज एकच गोष्ट सांगणार आहे. इथल्या काही जणांना ती माहीत आहे. अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी मला माहीत आहे आणि ती मी आठ वर्षं दाबून ठेवली.

आठ वर्षांपूर्वी मी रॅलीत गाडी चालवायचो. घाटातली शर्यत होती, चढाची. एका शेठनी गाडी तयार करायला घेतली. शेठचं नाव घेत नाही, ते आज आलेले नाहीत, आणि ज्याला समोर बसायचं धैर्य नाही त्याचं नाव घेऊन काय करायचं? गाडी छोटी, चार सिलिंडरची. तिला शर्यतीचा नवा कॅम आणला होता, कडक स्प्रिंगा आणि नवे कोरे रॉकर. हे सगळं बसवायचं काम भाईंच्या गॅरेजात आलं. म्हणजे वहिनींकडे आलं.

त्यांनी ते काम कसं केलं, हे मी रोज जाऊन पाहिलंय. नवे रॉकर खोक्यातून काढले, तरी आधी रॉकेलमध्ये धुतले. प्रत्येकाचं तेलाचं भोक तारेने साफ केलं. मी म्हटलं, "वहिनी, नवे आहेत." त्या म्हणाल्या, "नव्यातसुद्धा कारखान्याचा कीस असतो, मेल्या." मग एकेक रॉकर शाफ्टवर, म्हणजे त्यांच्या दांड्यावर, घालून बोटाने हलवून पाहिला. शाफ्ट बसवताना तेलाच्या भोकांची दिशा दोनदा तपासली. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, थोडे थोडे करत आवळले. एकदम एकही आवळला नाही.

पिस्टनच्या डोक्यावर त्यांनी मुलं खेळतात ती तेलकट माती लावली. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, बसवलं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, हेड परत उघडलं. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता. तो ब्लेडने कापून जाडी मोजली. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडणार नाहीत ना, याची ही खात्री. मग सगळं धुऊन पुसून परत जोडलं, आणि व्हॉल्व्हच्या टोकांना शाई लावली. इंजिन हाताने फिरवलं. रॉकर जिथे घासतो तिथली शाई पुसली जाते. सात ठिकाणी बरोबर मधोमध पुसली गेली. आठव्या ठिकाणी कडेला.

केवढं कडेला? मला भिंग लावून दिसलं, एवढं. वहिनी म्हणाल्या, "हा रॉकर सरकवायला हवा. पातळ वॉशर कातून आणत्ये. एक दिवस लागेल."

शेठ तिथेच होते. म्हणाले, "अहो, एवढ्याने काय होतंय?"

वहिनी म्हणाल्या, "गावात फिरवणार असाल तर काही होत नाही. तुम्ही घाटात नेणार आहात. सुहास आत बसणार आहे."

सुहास म्हणजे मी, मंडळी. आत मी बसणार होतो. त्यांना व्हॉल्व्हची काळजी होती आणि व्हॉल्व्हच्या पलीकडे माझी होती.

वॉशर आला. रॉकर सरकला. शाई मधोमध पुसली गेली. मग त्यांनी थंड इंजिनावर आठही टॅपेट लावले. स्क्रू एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नट आवळायचा, आणि आवळल्यावर फट परत बघायची, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. इंजिन चालवून तापवलं, पुरतं गार होऊ दिलं आणि आठही परत बघितले. शेवटी नेलपॉलिशची बाटली काढली. लाल. प्रत्येक नटावरून स्क्रूवर एक बारीक सरळ रेघ ओढली. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाल्या, "नट सैल झाला तर रेघ मोडलेली दिसेल."

शर्यतीच्या आठवड्यात शेठनी एक एक्स्पर्ट बोलावला. शहरातून. चांगले बूट, काळा चष्मा, टी-शर्टावर इंजिनाचं चित्र. त्याने गाडी चालू केली, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "टॅपेटचा आवाज येतोय."

वहिनी म्हणाल्या, "येणारच. थंड आहे. या कॅमला एवढी फट लागते. तापल्यावर बरोबर होईल."

त्याने वहिनींकडे पाहिलंसुद्धा नाही. भाईंना विचारलं, "हे कोणी लावलं?"

आणि भाई... भाई, मी सांगतोय, रागावू नका. भाई म्हणाले, "आम्हीच."

आम्हीच! त्या घरात हा शब्द फार वर्षं चालला. त्याचंही कारण सांगतो, कारण भाईंवर अन्याय नको. सुरुवातीच्या काळात एक गिऱ्हाईक वहिनींना इंजिनावर वाकलेलं बघून गाडी ओढत घेऊन गेलं होतं. तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "नका सांगू. काम राहू दे हातात." मग एक पद्धत पडली. गिऱ्हाईक आलं की भाई त्याला समोरच्या टपरीवर न्यायचे. तो परत येईपर्यंत वहिनी टॅपेट लावून बाजूला व्हायच्या आणि भाई पाना हातात घेऊन वाकलेले असायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा भाई, काय हात आहे!" पस्तीस वर्षं, मंडळी! तुमच्यातल्या कितीजणांनी असं म्हटलंय? मी म्हटलंय. पहिली दोन वर्षं मीसुद्धा म्हटलंय.

तर, त्या एक्स्पर्टने वहिनी जेवायला घरी गेल्या तेवढ्यात झाकण उघडलं आणि टॅपेट आवळले. कोणाला न विचारता. आवाज बंद झाला. शेठ खूश. "याला म्हणतात ट्यूनिंग!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावासाठी आम्ही गाडी घाटात नेली. पहिला चढ बरा गेला. दुसऱ्यावर इंजिन अडखळायला लागलं. मागे फटाके वाजल्यासारखे आवाज. तिसऱ्या वळणावर ताकद पार गेली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मागून येणारी दुसरी गाडी मला हॉर्न मारत होती. मी कशीबशी कडेला घेतली.  

गाडी बांधून ओढत गॅरेजात आणली. आणि आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती, आणि टॅपेट कोणी लावले ते शेठना माहीत होतं, त्यामुळे वहिनींच्या नावासकट. रत्नागिरीत बातमीला गाडी लागत नाही. मोबाईलवर ग्रुपमध्ये कोणीतरी लिहिलं होतं, बाईच्या हातात इंजिन दिलं की असंच व्हायचं. खाली हसण्याची चित्रं. किती? मोजली नाहीत मी. आज या हॉलमध्ये ती टाकणारे काही जण आहेत. पांढरे कपडे घालून आलेत. मला दिसताहेत.

गाडीभोवती वीसेक माणसं जमली. शेठ, एक्स्पर्ट, बघे. वहिनी आल्या.  झाकण उघडलं आणि वाकून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "सुहास, बॅटरी धर."

मी बॅटरी धरली. चार एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे, चारही नट. चारही रेघा मोडलेल्या. नटावरची रेघ एकीकडे, स्क्रूवरची दुसरीकडे.

वहिनींनी फिलर गेजचं सगळ्यांत पातळ पान घेतलं. फटीत गेलंच नाही. चारही ठिकाणी नाही. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि शेठना विचारलं, "याला कोणी हात लावला?"

शेठनी एक्स्पर्टकडे पाहिलं. मग एक्स्पर्ट म्हणाला, "मी फक्त आवाज कमी केला."

"फट राहिली नाही," वहिनी म्हणाल्या. "तापल्यावर व्हॉल्व्ह उघडे राहिले. जळले असणार. आणि तो वर एकटा होता घाटात." माझ्याकडे बोट केलं त्यांनी. आवाज चढला नव्हता.  

आता शेठ काय म्हणाले असतील? माफी मागितली असेल? त्या माणसाला जाब विचारला असेल? शेठ म्हणाले, "जाऊ दे, झालं ते झालं. वहिनी, जरा चहा सांगा सगळ्यांना."

चहा सांगा!

हातात पुरावा होता तिच्या. वीस माणसांसमोर. आणि तिला चहा सांगा!

वहिनी म्हणाल्या, "चहा समोरच्या टपरीवर मिळतो." एवढं बोलून त्या हेडचे बोल्ट सोडायला लागल्या.

शर्यत रविवारी. हातात दोन दिवस. दोन व्हॉल्व्ह जळले होते, ते कोल्हापूरहून मागवले. व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतात त्या सीटवर पेस्ट लावून वहिनींनी ते हाताने घासून बसवले. परत माती, परत शाई, परत आठ टॅपेट. तापवणं, गार करणं, परत बघणं. यावेळी झाकणावर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलं, "उघडू नये." आणि गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून दुपारभर स्वतः बसून राहिल्या. एक्स्पर्ट आला होता. दारातूनच परत गेला.

रविवारी मी आमच्या गटात पहिला आलो. ते इंजिन मंडळी, मी शब्दांत सांगू शकत नाही. खालच्या वळणावर टिकटिकत होतं, आणि मोकळ्या चढावर पाय दाबला की असं उचलायचं, की पाठ सीटला चिकटायची. आठही व्हॉल्व्ह आपापल्या वेळेला उघडत होते, आपापल्या वेळेला मिटत होते. मी फक्त चाक धरलं होतं.

बक्षीस समारंभाला मांडव होता. वहिनी आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत, कडेला. चांगली साडी नेसून आल्या होत्या, हात घासघासून धुतले होते, तरी नखांत काळं होतंच. निवेदकाने इंजिन ट्यूनिंगसाठी कोणाला वर बोलावलं? त्या एक्स्पर्टला. तो गेला. शाल घेतली, ढाल घेतली, फोटो काढला. भाईंना गॅरेजचं म्हणून फूल दिलं. आणि मग माझ्या हातात माइक दिला.

मी बोललो. मी शेठचे आभार मानले. आयोजकांचे मानले. त्या एक्स्पर्टचेसुद्धा मानले, मंडळी! भाईंच्या गॅरेजचे मानले. आईवडिलांचे मानले. टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो.

वहिनींचं नाव मी घेतलं नाही.

का नाही घेतलं? आठ वर्षं विचारतोय स्वतःला. शेठ पुढच्या शर्यतीला गाडी देणार होते, हे एक. आणि दुसरं जास्त लाजिरवाणं आहे. समोर इतकी पुरुषमाणसं बसलेली. त्यांच्यासमोर, माझं इंजिन एका बाईने लावलं, असं म्हणायची मला लाज वाटली. ज्या बाईने मला घाटातून जिवंत खाली आणणारं इंजिन लावलं, तिची लाज वाटली. मला. या सुहासला. म्हणजे मी आज तुमच्यावर चिडलोय, तो काही फार मोठा शहाणा म्हणून नाही चिडलेलो. पहिला चोर मी आहे.

आठवड्याने मी गाडी घेऊन गॅरेजात गेलो. वहिनी खिडकीशी बांगड्या काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माइक तुझ्याच हातात होता ना रे, सुहास?"

मी हातातली चावी चाळवत राहिलो. 

त्यांनी शेवटची बांगडी खिडकीत ठेवली. मग हात पुढे केला. "आण चावी. शर्यतीनंतर टॅपेट बघायला हवेत."

पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मी त्यांच्याकडे जात राहिलो, त्या टॅपेट लावत राहिल्या, मला चार शिव्या घालत राहिल्या, ताट वाढत राहिल्या. माफी मागायला मला आठ वर्षं होती. रोज वाटायचं, उद्या बोलू. त्या एक्स्पर्टने आपल्या दुकानात आमच्या गाडीचा फोटो लावलाय, अजून आहे. मी स्वतः बघून आलोय. खाली लिहिलंय, आम्ही तयार केलेलं विजेतं इंजिन. आम्ही! तिथेही आम्हीच!

गेल्या महिन्यात वहिनींच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात दाखल करताना जे झालं ते मला भाईंनी सांगितलं. खिडकीपलीकडच्या बाई फॉर्म भरत होत्या. नाव, वय, पत्ता. मग विचारलं, "पेशंटचा व्यवसाय?" भाई सवयीने म्हणाले, "घरकाम."

वहिनी चाकाच्या खुर्चीत होत्या. धाप लागलेली. त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, "फिटर लिहा."

त्या बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"फिटर. इंजिन फिटर."

आणि त्या बाईंनी कोणाकडे पाहिलं असेल? भाईंकडे पाहिलं. खरं आहे का, म्हणून. नवऱ्याने होय म्हटल्याशिवाय फॉर्मवर लिहायचं नाही! बाई आजारी, बाई शुद्धीत, बाई स्वतःच्या तोंडाने सांगतेय, तरी विचारायचं नवऱ्याला!

भाई म्हणाले, "होय. ती फिटर आहे. माझ्यापेक्षा चांगली." भाई मला सांगताना रडले. म्हणाले, "सुहास, पस्तीस वर्षांत परक्या माणसासमोर हे मी पहिल्यांदा बोललो. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरला." पुढे भाई मला म्हणाले, "सभेत मला बोलायला जमायचं नाही. तू बोल. माझं पण बोल, लपवू नको." म्हणून भाई, मी बोललो. तुमच्या परवानगीने बोललो.

चौथ्या दिवशी वहिनी गेल्या. त्या कागदावर मात्र व्यवसाय बरोबर लिहिलेला आहे. भाईंनी त्याची प्रत मागून घेतली आहे.

आता मी कोणाला काही करायला सांगणार नाही. पुतळे नकोत, ठराव नकोत, कोणाच्या नावाची ढाल नको. रागसुद्धा आज इथे थांबवतो. शेवटचं एकच मागणं आहे. श्रद्धांजलीसाठी आपण सगळे एकदम उभे राहतो. आज तसे राहू नका. मी सांगतो तसे राहा.

ज्यांच्या लाँचच्या इंजिनाला वहिनींचा हात लागलाय, त्यांनी आधी उभं राहावं. या तांडेल, या. मागचे चौघे. दाभोळची मंडळी सगळीच. बरं.

ज्यांच्या जीपा आणि टेम्पो त्यांनी लावले, ते उठा. मंडणगडवाले, उठा. रिक्षा स्टँडवरचे, उठा. असे सगळे? सगळा स्टँडच?

ज्यांच्या शेतावरचा पंप त्यांनी सुरू करून दिला. सर, तुम्ही. काकू, तुम्हीसुद्धा, उठा.

ज्यांनी त्या ग्रुपमध्ये हसण्याची चित्रं टाकली आणि नंतर आपल्याच गाड्या त्याच गॅरेजात नेल्या, त्यांनीही उठावं. नाव घेत नाही. उठलात, बरं केलंत.

माझ्याआधी बोललेले पाच जण. तुमच्या गाड्या कुठे जात होत्या? उठा.

भाई, सावकाश. माझा हात धरा.

खाली बसलेलं आता कोणी दिसत नाही मला.

शालन भास्कर पिलणकर, इंजिन फिटर, यांना आपण सगळे नमस्कार करू या. मी गप्प बसतो. तुम्हीही थोडा वेळ कोणी काही बोलू नका.